खालचं बटण

ऑफिस बंद पडलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ती अ‍ॅप बनवायला शिकली. आज दुपारी तिचं पहिलं अ‍ॅप एका कंपनीत दाखवायचं होतं. पसंत पडलं तर नोकरी, नाहीतर जन्मभर नवऱ्याचे टोमणे.

अ‍ॅपमध्ये एकच बटण होतं: ‘घरी पोचलो’.

क्लासच्या मास्तरांचा नियम असा, की अ‍ॅप तपासायला फोन घरातल्या कुणाच्याही हाती द्यावा, आपण तोंडाला कुलूप लावावं आणि फक्त त्याचं बोट बघावं. तिनं फोन सासूबाईंना दिला.

सासूबाईंचं बोट बटण सोडून खालच्या कोऱ्या जागेवर गेलं आणि तिथंच दाबत राहिलं. मग नवऱ्याचंही. मायलेकांचं असं एकमत कधी झालं नव्हतं.

“अहो, तिथं काहीच नाहीये!” तिनं नियम मोडला.

“नाही कसं, सूनबाई? वरचं काचेसारखं गार लागतं. खालचं बघ, कसं मऊ आहे. कोमट.”

चूक राहिली असेल तर नोकरी गेलीच. तिनं सगळा कोड तपासला. त्या जागी काही नव्हतं. शेवटी तिनं स्वतःचं बोट टेकवलं.

काच हलकेच आत दबली.

आणि तितक्याच सावधपणे, आतून कुणीतरी तिचं बोट दाबून पाहिलं.