काचेवरचा पंजा

गाडीच्या काचेवर प्लास्टिकचं कार्ड खरवडल्याचा तेवढा आवाज येत होता.

मुलगी गेल्याला नऊ वर्षं झाली होती. तिने गाडीवर चिकटवलेली चित्रं बापाने आज सोलून काढली आणि उरलेला चिकटा रॉकेलच्या फडक्याने पुसला. दरवाज्याचा रंग लख्ख निघाला. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. गाडी गेली की बायको सावरेल, एवढीच त्याची आशा होती.

पण मागच्या काचेवरचा मुलीच्या गोंदाने चिकट पंज्याचा ठसा काच वाळली की पुन्हा उमटत होता.

"घासून घासून काच झिजवाल," पायरीवरून बायको म्हणाली.

"अगं, हा ठसा केवढा होता गं?"

"माझ्या मुठीत मावेल एवढा. पाच वर्षांची तर होती."

"मग इकडे ये."

ती आली. तिने ठशावर हात टेकवला. बोटाला बोट जुळलं.

तिने हात काढला, तेव्हा काच स्वच्छ होती.

"अगं, कुठे निघालीस?"

ती घराकडे चालू लागली. तो हात बाजूला किंचित उचललेला, कुणीतरी धरल्यासारखा.