तात्यांचं वर्ष

"ऋषिराज यंदा न्हाय यायचा," तात्या म्हणाले. "त्याचे दिवस संपले."

वैदेहीची बोटं कीबोर्डवर थांबली. संख्याशास्त्र शिकून बारामतीतल्या या करसल्लागाराच्या ऑफिसात लागलेल्या वैदेहीला रिकामा चौकोन सहन होत नसे, आणि ऋषिराजच्या हिशेबात असा एकच चौकोन उरला होता : या वर्षात भारतात मुक्काम किती? कंपनीनं त्याला साखर कारखान्याची मशिनरी बसवायला केनियाला पाठवलं होतं. इकडच्या कागदांची मुखत्यारी वडिलांकडं, म्हणून तिनं सणसरहून संभाजीतात्यांना बोलावून घेतलं होतं. बरोबर सून स्वरूपा होती. तिला आठवा महिना होता.

"संपले म्हणजे?" वैदेहीनं विचारलं.

"तुमचाच कायदा हाय की. वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस हितं भरले, की तिकडच्या पगारावरबी हितं कर. आमी मोजलं. एकशे एक्याऐंशी झाले. आता एक दिवस जरी आला, तरी बसलाच दणका. म्हणून त्याला म्हणलं, ऑक्टोबर लागू दे, मग ये."

"बाळ ऑगस्टात होणार आहे," स्वरूपा वैदेहीकडं बघून म्हणाली. "रजा द्यायला कंपनी तयार होती. पण तात्यांचं ऐकून यांनीच नको म्हणून कळवलं."

"ऑक्टोबरात हसाय लागलेलं असंल लेकरू. रडतानाचं बघून काय करायचंय त्याला?" तात्या हसले. स्वरूपा हसली नाही.

वैदेहीनं पासपोर्टची प्रत पुढं ओढली. देश सोडल्याचा शिक्का तीस मार्चचा. आत्ता जुलै चालू होता. मधे तो एकदाही आलेला नव्हता.

"तात्या, एकशे एक्याऐंशी कुठून मोजलेत?"

"कुठनं म्हंजे? एक ऑक्टोबरपास्नं. तीस मार्चला पोरगं गेलं. तुमी मोजा की."

तिनं मोजलं. एका दिवसाचाही फरक नव्हता.

"वर्ष ऑक्टोबरपासून का धरलंत?"

"मग कधीपास्नं धरायचं?" तात्यांना प्रश्नच कळला नाही. "तीस वर्सं कारखान्याच्या शेतकी खात्यात काढली मी. हंगामाचं वर्ष ऑक्टोबरातच लागतं. आख्ख्या इंदापूर तालुक्यात कुणालाबी इचारा."

मोजणी बिनचूक होती, फक्त मोजायला जिथून सुरुवात केली ती जागा चुकली होती. आणि हे सुनेसमोर सांगायचं होतं.

"तुमची मोजणी बरोबर आहे, तात्या. पण आयकराचं वर्ष एक एप्रिलला लागतं. ते सगळे दिवस मागच्या वर्षात गेले. या वर्षात ऋषिराज भारतात एकही दिवस राहिलेले नाहीत."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कारखान्याचं वर्ष निराळं अन् सरकारचं निराळं?"

"हो."

"ते कशापायी?"

"ते मलाही माहीत नाही," वैदेही म्हणाली. "शोधून सांगते."

स्वरूपा खुर्चीत पुढं सरकली होती. "म्हणजे ते येऊ शकतात? महिनाभर राहू शकतात?"

"दोन महिने राहू देत. इथं बसून कंपनीचं काम केलं, तर तेवढ्या दिवसांच्या पगारावर इथं कर लागेल. बाकीच्या पगाराला धक्का नाही."

"लागू दे की मग!" स्वरूपा एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली. "हे तात्यांनीच सांगावं त्यांना. माझं ऐकायचे नाहीत. म्हणतील, तात्यांनी मोजलंय."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. खिशातून फोन काढला, नंबर लावला.

ऋषिराजनं उचलला, तेव्हा मागं मशिनचा एवढा घरघराट होता, की तात्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"आरं, तुझे दिवस तसेच हायती," ते ओरडले. "सगळेच्या सगळे. मॅडमनी मोजल्यात. बाळाच्या आधी ये तू!"

पलीकडं दार लागल्याचा आवाज आला आणि घरघराट थांबला.

"तात्या," ऋषिराज म्हणाला, "परत एकदा सांगा."

तात्यांनी बोलायला तोंड उघडलं. मग सुनेकडं बघितलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"तू सांग."