मोरचुदाशिवाय दोन महिने

"यात मोरचूद कुठाय?" तिने फ्लास्क टेबलावर असा आपटला की शेजारच्या काचनळ्या किणकिणल्या.

काका चष्मा पुसत उभे राहिले. या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं बाटल्या धुण्यात गेली, पण त्यांच्यावर असा आवाज कुणी चढवला नव्हता.

"नाही घातला, ताई. विषच ते. म्हटलं, तू येईपर्यंत तरी बिचारे सुखानं जगू देत. बघ की, कसे फोफावलेत!"

फोफावले होते, यात शंका नाही. तांब्याच्या खाणीखालच्या ओढ्यातले जीवाणू ते, लिंबाच्या रसाइतक्या आंबट पाण्यात मजेत राहणारे. वडिलांना इस्पितळात हलवायच्या महिनाभर आधी तिने स्वतः ते बाटलीत भरून आणले होते. अंगात शिरलेलं तांबं बाहेर फेकायचा जीन त्यांच्यात होता. तो तिने शोधला, तपासला, त्याची नोंद केली. जाताना काकांना बजावलं, दर आठवड्याला नवं पाणी आणि त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांबंच. काकांनी पाणी नेमानं बदललं. मोरचूद तेवढा गाळला.

आज सकाळी तिने थोड्यांना मोरचूद घातला. दुपारपर्यंत एकही जिवंत राहिला नाही. उरलेले तपासले, तर जीनच गायब! तांबं नाही म्हटल्यावर त्या लबाडांनी नको असलेलं ओझं सरळ टाकून दिलं होतं.

"उद्या खाणीविरुद्धची सुनावणी आहे, काका! उद्या! काय दाखवू त्यांना, हे मेलेलं पाणी? फ्रीझरमध्ये जपून ठेवलेले जागे व्हायला तीन आठवडे लागतात!"

काका पुन्हा चष्मा पुसायला लागले. त्यामुळे ती आणखीच भडकली.

खाणवाल्यांचं पालुपद सगळ्यांना पाठ झालं होतं. तीन वर्षं झाली, आम्ही ओढ्यात खाणीचं थेंबभर पाणी सोडलेलं नाही. आणि तुमच्या त्या जीवाणूंचं म्हणाल, तर तो जीन जुना आहे, आमच्या आधीच्या मालकांच्या वेळचा. कोट घातलेले ते लोक हे हसत हसत सांगायचे, आणि ते खोडून काढायला तिला काही सापडलं नव्हतं. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पिऊन तिच्या वडिलांचं यकृत गेलं. दोन महिने ती उशाशी बसून राहिली. गेल्या आठवड्यात वडीलही गेले.

"एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती!" तिचा आवाज फाटला. "तुमच्या दयेनं वाटोळं केलं माझं. दया दाखवायला हेच सापडले तुम्हाला?"

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी फ्लास्क उचलला आणि उजेडात धरला.

"दोन महिन्यांतच टाकून दिला म्हणतेस?"

"हो! तांबं नसलं की टाकतात. किती वेळा सांगू?"

काकांनी फ्लास्क हळूच खाली ठेवला.

"मग ताई, ओढ्यात त्यांना तीन वर्षं मोरचूद कोण घालत होतं?"