थांबवलेली क्रेन

वाऱ्याचा जोर वाढताना दिसला तेव्हा टर्मिनल मॅनेजर शलाका रेवाळेंनी वॉकीटॉकीवर सांगितलं, "क्रेन थांबवा. सगळे खाली या."

लगेच मुख्यालयातून फोन आला. "वारा मर्यादेच्या आत आहे, मॅडम. अजून चाळीस कंटेनर चढायचेत. भरती गेली तर जहाज थांबणार नाही. उत्तर तुम्हाला द्यावं लागेल."

"देईन," त्या म्हणाल्या. चार दिवसांच्या जागरणानंतर भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

वारा त्यापुढे वाढलाच नाही. तासाभरात पडला. दुपारच्या भरतीला जहाज चाळीस कंटेनर मागे ठेवून निघून गेलं. आता लेखी खुलासा द्यायचा होता.

त्या लिहायला बसल्या तेवढ्यात क्रेन चालवणारे दाऊद मुकादम दारात आले.

"चूकच झाली माझी, दाऊदभाई," त्याच म्हणाल्या.

"वाऱ्यात वरची केबिन हलायला लागली की मी मनात कलमा म्हणत काम करतो, मॅडम. वीस वर्षांत न मागता खाली बोलावणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

ते गेल्यावर रेवाळेंनी दोनच वाक्यं लिहिली. 'निर्णय माझा होता. पुन्हा असा वारा सुटला, तर हेच करीन.'

मग त्या खुर्चीत मागे रेलल्या. धक्क्याला पुढचं जहाज लागत होतं.