चौकटीवरची उंची

"एकीचंच करून टायर्ड होते मी, आता दोघींचं करा," सुवर्णामावशी स्वयंपाकघरात पुटपुटली.

दारातल्या स्वानंदीला ते लागलं. ती नागपूरहून एकटीच तर आली होती. आई जन्मली, वाढली ती इथे, अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या याच घरात. लेकीला घेऊन माहेरी येते म्हणाली, की मावशीचं दरवर्षी एकच उत्तर असायचं, "यंदा नको गं." शेवटी आई गेली, आणि पस्तिशीतली स्वानंदी न विचारताच येऊन धडकली.

रागाने तिने चौकटीला हात टेकला. तिथे पेन्सिलीने उंचीच्या खुणा केल्या होत्या. मावसभाऊ देवांगच्या खुणा त्याच्या अठराव्या वर्षी थांबल्या होत्या. शेजारी लिहिलं होतं 'स्वानंदी'. पाचव्या वर्षापासून दरवर्षीची एकेक रेघ, पुढे पुढे एकीवर एक गिरवलेली. शेवटची तारीख गेल्या महिन्यातली.

ती पाठ लावून उभी राहिली. रेघ बरोबर टाळूला आली.

"मावशी, हे कुणी लिहिलं?"

"जुनं असेल. चहा घे."

"गेल्या महिन्यातलं जुनं? मी परवा पहिल्यांदा विमानात बसले. तीस वर्षं आई तुमच्या एका होकारासाठी झुरली. आम्ही नको होतो, एवढं तरी तोंडाने म्हणा."

टेबलाशी बसलेल्या देवांगने फोन खाली ठेवला. "मॉम, जस्ट टेल हर."

मावशीने जिन्याकडे पाहून आवाज हळू केला.

"हवी होतीस गं. पण बोलवायला फोन उचलावा, तर तू आधीच वर येऊन झोपलेली असायचीस. आत्ताही आहेस."