सगळ्यांचं एक बोट

या, जवळ सरकून बसा. गोष्ट थंडीतली आहे, लांबून ऐकलीत तर ऊब लागायची नाही. देवाने माणसाला दहा-दहा बोटं दिली आहेत. पण त्या उंच डोंगरावर, जेवणाच्या तंबूत, पाच माणसांचं मिळून एकाच बोटावर भागत होतं. आणि ते बोट होतं सूनबाईचं.

"वहिनी, बोट मोकळं झालं का?" दंतवैद्य कांबळ्याआडून कुजबुजला.

"थांबा हो, शिंपीमामांचं चाललंय."

"त्यांच्या आधी माझा नंबर होता," बँकेतल्या कॅशियरबाई फणकारल्या.

झालं होतं असं. रोज मुक्कामाला पोचलं की वाटाड्या एक चिमट्यासारखं यंत्र घेऊन यायचा. ते बोटाला लावलं की अंगातल्या प्राणवायूचा आकडा दिसायचा. आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला की त्या माणसाने मदतनीसाबरोबर मुकाट डोंगर उतरायचा. सगळ्यांत वरचं तळं त्याच्या नशिबी नाही.

आजोबांना तर तेच तळं हवं होतं. आजोबा म्हणजे सूनबाईचे सासरे, निवृत्त लिफ्टवाले. जन्मभर लोकांना वर पोचवलं आणि स्वतः रिकामी लिफ्ट घेऊन खाली आले. लिफ्टमध्ये त्यांच्या स्टुलासमोर, पत्र्याला, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं चित्र चिकटवलेलं होतं: बर्फाच्या कड्यांमध्ये हे एवढं निळं तळं. त्याच्याकडे बघता बघता केस पांढरे झाले. मुलाला रजा मिळेना, तेव्हा सूनच म्हणाली, "चला मामंजी, चित्र खूप झालं."

दुसऱ्याच मुक्कामाला आजोबांना धाप लागली. आता यंत्र चुगली करणार! सगळे कांबळी पांघरून दाटीवाटीने बसलेले, कंदील मिणमिणता. वाटाड्या समोर आला तसा सूनबाईने आपला हात गुपचूप सासऱ्यांच्या कांबळ्यातून बाहेर काढला. आकडा आला ब्याण्णव.

"आजोबा, अजून जवान आहात की!" वाटाड्या म्हणाला. तो बिचारा बघायचा तो फक्त आकडा. हात कुणाचा, हे विचारायचं असतं हेच त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पण शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी शिंपीमामा लाजत लाजत आले, मग कॅशियरबाई, मग दंतवैद्य. नाही म्हणायचा सूनबाईचा स्वभावच नव्हता. तिला मधोमध बसवून बाकीचे तिच्याभोवती दाटायचे, आणि तिचा हात कांबळ्यांखालून सगळ्यांच्या घरी जाऊन यायचा.

शेवटच्या मुक्कामाला मात्र ती गप्प होती. दुपारपासून डोकं फुटत होतं. खडकाआड जाऊन ओकून आली आणि तोंड पुसून बसली. बोट एकटीचं असतं तर ती बोललीही असती.

वाटाड्याने पहिल्या हाताला यंत्र लावलं. अडुसष्ट. दुसरा हात, अडुसष्ट. तिसराही तोच. "अरे देवा, अख्खी तुकडीच गेली!" म्हणत त्याने प्रथमच कंदील वर धरला.

"शिंपीमामा, नखं जांभळी कधी रंगवलीत?"

"थंडीने झाली असतील."

"चारच? पाचवं काय शेकोटीवर धरलं होतं?"

सूनबाईच्या नखांना जांभळं नेलपॉलिश होतं; यंत्राला आकडा नीट कळावा म्हणून पाचव्या नखाचा रंग वाटाड्यानेच पहिल्या दिवशी तिला खरवडायला लावला होता. त्याने कांबळी ओढून काढली. मधोमध सूनबाई, ओठ निळे पडलेले.

"अहो, हे यंत्र मला फसवायला नाही, तुम्हाला जगवायला आहे!" तो ओरडला. मग एकेकाने आपापलं बोट पुढे केलं. इतक्या दिवसांत सगळी अंगं डोंगराला सरावली होती. ब्याऐंशी. ऐंशी. चौऱ्याऐंशी. दंतवैद्याने यंत्र घेऊन आजोबांच्या बोटाला लावलं. सत्त्याऐंशी! सगळ्यांत जास्त. तंबूत टाळ्या पडल्या.

"ताई आत्ताच्या आत्ता खाली," वाटाड्या म्हणाला. "मदतनीस नेईल. बाकीचे उद्या तळ्यावर."

"मी जातो हिच्याबरोबर," आजोबा म्हणाले.

"धडधाकट माणूस मधूनच खाली पाठवायचा नाही, असा नियम आहे."

"बरोबर आहे नियम," सूनबाई कशीबशी बोलली. "मामंजी, तळं न बघता आलात तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी. तुम्ही वर जाणार म्हणा, तरच मी इथून उठते."

आजोबा वाटाड्याकडे वळले. मग म्हणाले, "दादा, माझं परत लावा. मघाचं धरू नका. ते दातांचे डॉक्टर, त्यांना बोटातलं काय कळतंय?"

आणि त्यांनी सुनेचा हात उचलून, भर उजेडात, जांभळ्या नखांसकट वाटाड्यासमोर धरला.

"मामंजी, तो हात माझा आहे!"

"ऐका," आजोबा सगळ्यांना म्हणाले, "उंचीवर माणूस असंच बरळतं."

वाटाड्याने त्या हाताकडे पाहिलं. "आजोबा, हा तुमचाच ना?"

"जन्मल्यापासून."

वाटाड्याने यंत्र लावलं, आकडा निघेपर्यंत थांबला, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अडुसष्ट. आजोबा, तुम्हाला खाली जावं लागेल."

त्या तळ्याची चित्रं तुम्हाला कुठल्याही भिंतीवर भेटतील. भेटली की घटकाभर थांबा, आणि ज्याने ते कधी पाहिलं नाही त्या म्हाताऱ्याची आठवण काढा.