एकटं माणूस नको

"आत गेल्यावर फार बोलू नका," बंद दारासमोर उभा राहून एजंट हळूच म्हणाला. "बोलायचं ते मी बोलतो."

सिस्टरांनी मान हलवली. जिना चढून त्यांना दम लागला होता. तो कुणाला दिसू नये म्हणून त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. दवाखान्यातून निवृत्त होऊनही गल्लीत त्यांचं नाव सिस्टरच राहिलं होतं. इतकी वर्षं भाड्याने राहिल्या ते घर गेल्या महिन्यात विकलं गेलं. विकून देणारा हाच एजंट. उद्या सकाळी नवे मालक सामान घेऊन येणार होते, आणि सिस्टरांचं सामान अजून तिथेच होतं, दोरीने बांधलेलं.

आठवडाभर तो त्यांना घेऊन फिरत होता. घरं रिकामी नव्हती असं नाही. संध्याकाळी कुठल्या खिडकीत दिवा लागत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. पण मालक ऐकेनात. एकटं माणूस नको, त्यात वय झालेलं तर नकोच. कुणी तोंडावर सांगे, कुणी म्हणे, "आमचा भाचा येतोय राहायला." या गल्लीत एवढे भाचे कधी जन्माला आले, ते एजंटला कळेना.

आता हे एकच घर उरलं होतं.

शेजारच्या दारातून किल्ल्यांचा जुडगा घेऊन मालकीण आली. तिने कुलूप काढलं. दोन खोल्या, ओटा, भिंतीवर आधीच्या कपाटाचा फिकट चौकोन. सिस्टरांनी नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी लावून पाहिली.

"पसंत आहे?"

"ऊन येतं," सिस्टर म्हणाल्या. "मला ऊन पुरे."

"राहणार कोण कोण?"

एजंटने घसा खाकरला. "सध्या या एकट्याच."

किल्ल्यांचा आवाज थांबला. "मुलंबाळं? भाऊ-बहीण?"

सिस्टरांनी नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली, तोच एजंट मध्ये पडला. "शांत राहणी आहे हो यांची. भाडेकरू आहे हेसुद्धा कळणार नाही तुम्हाला."

"तीच तर भीती आहे," मालकीण म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका हं. पण उद्या काही झालं, दार आतून बंद असलं, तर मी काय करू? आमच्या ह्यांना दोन पायऱ्या चढवत नाहीत. कुणाला बोलवायचं मी?"

ती दाराकडे वळली. उद्याची सकाळ एजंटला दिसायला लागली. टेम्पोतून उतरणारं सामान, फुटपाथवरची गाठोडी, आणि सगळ्या गल्लीदेखत त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या सिस्टर.

"सिस्टर, जरा थांबा," तो म्हणाला. पुढे काय बोलायचं ते त्यालाच माहीत नव्हतं.

मालकीणच थांबली. "सिस्टर? म्हणजे बहीण का तुमची?"

नळाचा एक थेंब ओट्यावर पडला.

"हो," एजंट म्हणाला. तोंडातून गेलं ते गेलं. "मोठी."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" मालकिणीचा आवाज उजळला आणि लगेच बारीक झाला. "पण मग तुमच्याकडे का नाही राहत? घरांचा धंदा तुमचा, आणि बहिणीला भाड्याची जागा?"

एजंट उगाच खिसे चाचपायला लागला.

"याच्या बायकोचं आणि माझं नाही पटत," सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

मालकिणीने चटकन त्यांच्या दंडावर हात ठेवला. "बोलू नका काही. मला नणंदा आहेत, सगळं समजतं." मग ती एजंटकडे वळली. "नंबर द्या तुमचा. दुकानाचा नको, घरचा. काही झालं तर रात्री-अपरात्री उठवीन. तेव्हा सबबी नकोत."

"उठवा," एजंट म्हणाला. नंबर सांगताना त्याचा आकडा चुकला. त्याने पुन्हा सांगितला. सिस्टर तो ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "तुमच्या मिसेसची माफी मागा माझ्यातर्फे. बिचारीला उगाच बदनाम केलं."

तो हसला, पण हसू टिकलं नाही. आजवर हातात किल्ली ठेवली की त्याचं काम संपत असे. आता पुढे चाललेल्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना त्याला वाटलं, आपण हे काय करून बसलो? मालकिणीला खरं कळलं तर? नाहीच कळलं आणि एखाद्या रात्री खरंच फोन आला तर?

दुसऱ्या दिवशी सामान हललं. संध्याकाळी तो जेवायला बसला आणि घरचा फोन वाजला. बायको उठली, पण तो तिच्याआधी पोचला. त्याच्या डोळ्यांपुढे आतून लावलेली कडी होती.

"हॅलो? सिस्टर? काय झालं? बरं वाटत नाहीये का? मी निघतो, लगेच निघतो..."



"काही नाही रे," सिस्टर म्हणाल्या. "लागतो का, ते बघितलं."